रानातलं लहान मांस: बंदूक कपाटात ठेवा, पातेलं काढा

एका वाचकानं विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. गाव पन्हाळ्याच्या पायथ्याला, नोकरी पुण्यात. आजोबांची ठासणीची बंदूक केव्हाच जमा झाली, आता छर्‍याची एअरगन घेतली आहे. दिवाळीच्या सुट्टीला आल्यावर बांधावर ससा, तितर, लावा असं काही मारता येईल का, मारलं तर घरी साफ कसं करायचं आणि आपल्या कोल्हापुरी पद्धतीनं शिजवायचं कसं?

मी जत्रांची आणि शेतातल्या पार्ट्यांची जेवणं करतो, घरामागं लावे आणि ससे पाळतो. त्यामुळं प्रश्नाच्या दोन्ही टोकांचं उत्तर देतो. पहिलं टोक लवकर संपवू. मारता येणार नाही. ससा नाही, तितर नाही, लावा नाही, पारवासुद्धा नाही.

वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा आहे आणि त्याच्या कलम 9 नं शिकारीला बंदी आहे. कायद्यातली शिकार म्हणजे नुसतं गोळी घालणं नव्हे. फासकी लावणं, जाळं टाकणं, विष घालणं, हुसकून पकडणं, पाखराची अंडी उचलणं आणि यातलं काहीही करायचा नुसता प्रयत्न, सगळं त्यात येतं. रात्री मोटारसायकलवरून बॅटरीच्या उजेडात ससा धरणारी पोरं म्हणतात, ‘आम्ही कुठं बार टाकला?’ त्याचा काही उपयोग नाही. 2022 साली कायद्यात दुरुस्ती झाली, ती 1 एप्रिल 2023 पासून लागू आहे. आता साध्या गुन्ह्यालाही तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पहिल्या अनुसूचीतल्या, म्हणजे कायद्यानं सगळ्यात जास्त जपलेल्या, प्राण्याला हात लावला तर किमान तीन आणि कमाल सात वर्षं. घोरपड आणि खवले मांजर त्या पहिल्या अनुसूचीत आहेत, हे ‘घोरपडीचं मटण कमरेला चांगलं’ म्हणणार्‍या पाहुण्यांना आधीच सांगून ठेवा.

एअरगनचा घोळ वेगळा. शस्त्र नियम 2016 प्रमाणं .177 बोअरची, 20 ज्यूलपेक्षा कमी ताकदीची एअरगन विनापरवाना घेता येते. परवाना लागत नाही म्हणजे पाखरं मारायला चालते, असा अर्थ ज्यानं त्यानं आपल्या सोयीनं काढला आहे. बंदूक कायदेशीर, शिकार बेकायदेशीर, दोन्ही एकाच वेळी खरं असतं. निशाणा साधायची हौस असेल तर डब्यावर साधा. आपल्या जिल्ह्यानं या खेळात नाव काढलं आहे. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्सचं कांस्यपदक घेणारा स्वप्निल कुसाळे राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा.

रानडुकराचं विचारणारे बरेच असतात, कारण ऊस आणि भुईमूग दोन्ही उकरून जातं. पिकाचं नुकसान करणार्‍या जनावराबाबत वनखात्याकडं अर्ज करता येतो आणि परवानगी मिळाली तर पुढची कारवाई होते. पण तशा परवानगीनं मारलेलं जनावरही सरकारी मालमत्ता असतं. त्याचे वाटे घालून गल्लीत वाटले की शेतकर्‍याचा आरोपी होतो. आणि एखाद्या फार्महाऊसवर ‘खास रानातलं आहे’ म्हणून ताट पुढं आलं तर ते विकत घेणारा आणि खाणाराही त्यात गुंततो. कुठं फासकी दिसली, जाळं दिसलं तर वनखात्याचा 1926 हा नंबर आहे.

आता कुणी म्हणेल, कोल्हापूरला शिकारीची परंपरा आहे. आहे की. शाहू महाराजांच्या काळात इथं पाळीव चित्ते सोडून काळविटाची शिकार होत असे, आणि चित्ते सांभाळणारी चित्तेवान मंडळी संस्थानच्या चाकरीत होती. दाजीपूरचं जंगल संस्थानच्या शिकारीचं राखीव रान होतं, आणि तिथंच 1958 साली गव्यांचं अभयारण्य झालं, जे आज आपण राधानगरी अभयारण्य म्हणून ओळखतो. नव्या राजवाड्याच्या संग्रहालयात पेंढा भरलेली जनावरं उभी आहेत, ती बघून या. चित्ता तर सबंध देशातून संपला आणि भारत सरकारनं 1952 साली तसं जाहीर केलं. परंपरेचा हिशोब मांडायचा तर तोही त्याच वहीत लिहावा लागतो.

झालं. आता स्वयंपाकाकडं येतो, कारण मला वाटतं प्रश्नाचा खरा जीव तिथं आहे. तुम्हाला हवी आहे ती चव, आणि लहान जनावर किंवा पाखरू स्वतः सोलून, तोडून, चुलीवर शिजवायची गंमत. ती कायदेशीरपणे पुरेपूर मिळते. पाळलेला जपानी लावा, पाळलेला ससा, गावठी कोंबडा आणि पावसाळ्यात ओढ्याचा खेकडा, एवढ्या चार गोष्टींवर वर्ष निघतं.

एक गोष्ट मात्र आधीच डोक्यात पक्की करा, कारण कोल्हापूरकर हमखास इथंच फसतो. आपला हात बकर्‍याच्या मटणावर बसलेला आहे. बकर्‍याला चरबी असते. ती सुटते, तिच्यात चटणी, म्हणजे आपलं कांदा-लसणाचं तिखट, परतते, वर कट येतो आणि मटण जितकं शिजेल तितकं मऊ पडतं. लाव्याला आणि सशाला चरबी जवळजवळ नसतेच. तिथं मटणाचा हिशोब लावला की दोनच गोष्टी होतात: मांसाचा भुसा होतो, नाहीतर चटणीखाली पाखरू कुठं गेलं ते कळत नाही. जुने शिकारी रानातला ससा तासन् तास मंद जाळावर ठेवत. त्याचं कारण तो ससा आयुष्यभर पळालेला असे, मांस गडद लाल आणि चिवट. पिंजर्‍यातला ससा ही जातच वेगळी, मूळ युरोपातली. त्याचं मांस कोंबडीसारखं पांढरट आणि कोवळं असतं. आजोबांची कृती जशीच्या तशी त्याला लावली तर दोष आजोबांचा नाही.

लाव्यापासून सुरू करा. तो स्वस्त आहे, लहान आहे आणि चुकला तरी नुकसान थोडं. जपानी लावा 1974 साली अमेरिकेतून आपल्याकडं आणला गेला आणि बरेलीजवळच्या इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेनं त्याच्या जाती वाढवल्या. बाजारात त्याला बटेर म्हणतात. अंड्यातून 17–18 दिवसांत पिल्लू बाहेर येतं, पाच आठवड्यांत 180 ते 200 ग्रॅमचं पाखरू तयार होतं. साफ केल्यावर हातात 130 ग्रॅमच्या आसपास उरतं. भाकरीबरोबर माणशी दोन धरा. पोरं तिसरा मागतात, म्हणून दोन जास्तीचे. घेताना पाळणार्‍याकडूनच घ्या आणि पावती मागा. जाळ्यात धरलेले रानलावे पिशवीतून विकणारे अजून अधूनमधून भेटतात. रानलावा अंगानं बारीक आणि बुजरा असतो, पिशवीत धडपडत राहतो. पाळलेला लठ्ठ आणि सुस्त. शंका आली तर सरळ पुढं चला.

आपल्याकडचे विक्रेते लाव्याची कातडी पिसासकट ओढून काढतात, कारण ते अर्ध्या मिनिटाचं काम. त्यांना तसं करू देऊ नका. या पाखराच्या अंगावर जी काही थोडी चरबी आहे ती कातडीखालीच आहे, आणि भाजताना मांस वाळू न देण्याचं काम तीच करते. पिसं उपटायला सांगा, नाहीतर घरी उपटा. कापल्यावर लगेच, अंग गरम असताना, कोरडीच उपटली तरी निघतात. फक्त छातीवरची कातडी एका हातानं ताणून धरा आणि पिसं ज्या दिशेला वाढली आहेत त्याच दिशेला ओढा, उलटी ओढली की कातडी फाटते. गरम पाण्यात बुडवायचं असेल तर पाणी उकळतं नको, बोटाला चटका बसेल इतपत आणि काही सेकंदच. उरलेली लव जाळावर धरून भुरभुर जाळून टाका.

मग स्वयंपाकघरातली कात्री घ्या. शेपटीपासून मानेपर्यंत पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंनी कापून कणा बाहेर काढा, पाखरू पुस्तकासारखं उघडा आणि तळहातानं छातीवर दाब द्या. आतलं सगळं हातानं निघतं. काळीज आणि पेटा ठेवा, कणे एका वाटीत जमवा, ते पुढं लागणार आहेत. थंड पाण्यानं धुवा, पण तासभर पाण्यात टाकून ठेवू नका, चव पाण्यात जाते.

कापलं की लगेच चुलीवर, ही आपल्याकडची मोठी फुशारकी. बकर्‍याचं मी बोलत नाही, तिथं भरपूर शिजवण असते म्हणून निभावतं. लहान पाखरू कापल्यावर थोड्याच वेळात ताठरतं, आणि त्या ताठरलेल्या अवस्थेत शिजवलं तर रबर होतं. साफ करून झाकून फ्रीजमध्ये किमान पाच-सहा तास, जमल्यास रात्रभर ठेवा. सशाला तर रात्रभर ठेवणं सक्तीचं धरा. पाहुणे रविवारी येणार असतील तर कापाकापी शनिवारी संध्याकाळी.

भाजायच्या लाव्याला मी आधी मिठाचं पाणी देतो. एक लिटर पाण्याला 50 ग्रॅम मीठ, त्यात पाखरं एक तास, फ्रीजमध्येच. मीठ आतपर्यंत जातं आणि जाळावर पाणी धरून ठेवतं. बाहेर काढून फडक्यानं कोरडी करा. मग आलं, लसूण, कोथिंबीर, दोन हिरव्या मिरच्या पाट्यावर वाटून त्यात हळद आणि चमचाभर शेंगतेल घालून चोळा. कांदा-लसूण चटणी या टप्प्यावर अजिबात नको. तिच्यातलं खोबरं, तीळ आणि लसूण निखार्‍यावर करपतात आणि कडू लागतात. आता निखारे. जाळ नको, निखारे हवेत, वर राखेचा पांढरा पापुद्रा आलेले. आधी कातडीची बाजू वर ठेवून हाडाची बाजू सात-आठ मिनिटं, मग उलटून चार-पाच मिनिटं. शेवटच्या मिनिटाला चटणी तेलात कालवून कोथिंबिरीच्या जुडीनं वरून फिरवा. मांडीच्या सांध्यात सुरी घातली की पाणी नितळ आलं पाहिजे, गुलाबी नको. स्वयंपाकाचा थर्मामीटर असला तर 74 अंश. पाखराचं मांस अर्धकच्चं ठेवायची फॅशन हॉटेलवाल्यांना लखलाभ. भारतात बर्ड फ्लू पहिल्यांदा 2006 साली आढळला तो आपल्याच राज्यात, नवापूरला. तो विषाणू 70 अंशांवर मरतो, म्हणून नीट शिजलेल्या मांसाला घाबरायचं कारण नाही. कच्चं हाताळताना मात्र पाट, सुरी आणि हात वेगळे ठेवा, कोशिंबीर त्याच पाटावर चिरू नका.

रश्शाचा लावा हा वेगळा प्रकार आणि माझ्या मते जास्त अवघड. लोक चार लावे आणि दोन तांबे पाणी घेऊन बसतात, मग रस्सा पाणचट लागला म्हणून चटणी वाढवत जातात. एवढ्याशा पाखराच्या हाडात दोन तांबे रस्सा उतरवायचा जीव नसतो. त्यासाठी आळणी, म्हणजे हाडं उकळून काढलेलं बिनतिखटाचं पाणी, वेगळं काढायचं. जमवलेले कणे, माना, आणि अर्ध्या गावठी कोंबडीची हाडं, हळद, मीठ, आलं-लसूण, आठ-दहा मिरे, तेलात जरा परतून पाण्यात मंद जाळावर तासभर. गाळून घ्या. हे पाणी म्हणजे तुमचा तांबडा आणि पांढरा दोन्हींचा पाया.

तांबड्यासाठी तेलात उभा चिरलेला कांदा तांबूस करा, सुकं खोबरं, तीळ, थोडे धणे भाजून त्याच्याबरोबर वाटा. वाटण तेलात परतून त्याला तेल सुटू लागलं की जाळ कमी करा आणि मगच चटणी घाला. तिखटाचा रंग आणि झणका दोन्ही तेलात उतरतात, पाण्यात नाही, म्हणून चटणी रश्शात वरून टाकली तर जीभ भाजते पण कट येत नाही. आठ लाव्यांना मटणाला घालता त्याच्या निम्मी चटणी पुरे. मग गरम आळणी ओता, एक उकळी आली की लावे सोडा आणि झाकण ठेवून मंद जाळावर पंधरा-अठरा मिनिटं. घड्याळ लावा. पंचवीस मिनिटांनी छाती दोर्‍या-दोर्‍यानं सुटते. कुकर या कामाला काढूच नका.

पांढर्‍याला खसखस, काजू, पांढरे तीळ भिजवून गंधासारखे वाटा, तुपात लवंग, दालचिनी, तमालपत्र, वेलदोडा टाकून आळणी ओता, वाटण घाला, उकळू द्या. नारळाचं घट्ट दूध सगळ्यात शेवटी, जाळ अगदी बारीक करून. दूध घातल्यावर खळखळ उकळलं की फाटतं, मग वर चोथा आणि खाली पाणी. लाव्याच्या पांढर्‍या रश्शात कोंबडीपेक्षा गोडसर, नाजूक चव उतरते. दोन्ही रस्से समोर आले तर मी हात पांढर्‍याकडं नेतो. कोल्हापुरात हे उघड बोलायची सोय नाही, तरी लिहून ठेवतो.

अंडी फुकट घालवू नका. दहा ग्रॅमचं अंडं उकळत्या पाण्यात तीन मिनिटांत पक्कं होतं. सोलून तांबड्या रश्शात सोडली की ताट भरल्यासारखं दिसतं.

आता ससा. पाळलेला, तीन-साडेतीन महिन्यांचा, दोन ते सव्वादोन किलोचा घ्या. साफ होऊन सव्वा किलोच्या आसपास मांस मिळतं. वर्षाचा थोराड नर स्वस्त मिळतो म्हणून घेऊ नका, घेतलाच तर त्याला गावठी कोंबड्याचा वेळ द्या. ज्यांनी कधी जनावर कापलं नाही त्यांनी खाटकाकडून नाहीतर पाळणार्‍याकडूनच कापून घ्यावा. नवख्या हातानं जनावराचे हाल होतात आणि घाबरून झटापट केलेल्या जनावराचं मांसही बिघडतं. पण पुढचं काम स्वतः करा.

पोट उघडल्यावर आधी काळीज बघा. गडद, गुळगुळीत, एकरंगी असेल तर उत्तम. त्यावर पिवळसर पांढरे ठिपके किंवा गाठी दिसल्या तर तो सशांचा नेहमीचा रोग, कॉक्सिडिओसिस. माणसाला तो लागत नाही, पण असं काळीज फेकून द्या. गाठी भरपूर असतील आणि जनावर अंगानं खंगलेलं असेल तर सगळंच सोडून द्या. काळजाला चिकटलेली पित्ताची पिशवी सुरीनं अलगद सुटी करा. फुटली तर जिथं हिरवं लागलं तेवढा भाग कापून टाका, धुऊन कडवटपणा जात नाही.

तुकडे खाटकाच्या कोयत्यानं सरसकट मारले की सशाची बारीक हाडं चिंबतात आणि प्रत्येक घासाला कपच्या दाताखाली येतात. सुरीनं सांध्यातून सोडवा. मागच्या दोन मांड्या, पुढचे दोन पाय, बरगड्या आणि पाठ. पाठीचा भाग, कंबरेपासून बरगड्यांपर्यंतचा, सगळ्यात कोवळा आणि सगळ्यात आधी वाळणारा. मांड्यांना वेळ लागतो. दोन्ही एकदम पातेल्यात टाकून दोन्ही चांगले होतील अशी अपेक्षा करू नये. पाठीवरची चंदेरी पातळ पापुद्र्यासारखी साल सुरीनं काढा, ती शिजून आवळते आणि तुकडा वाकडा होतो.

सशाला मी सुकं करतो. सव्वा किलोला आलं-लसणाचं दोन मोठे चमचे वाटण, हळद, मीठ आणि अर्धी वाटी दही लावून रात्रभर. कच्ची पपई लावायचा सल्ला सगळे देतात, मी कोवळ्या सशाला लावत नाही, मांस वरून पिठूळ होतं. सकाळी जाड बुडाच्या पातेल्यात पाव वाटी शेंगतेल, आणि जमलं तर खाटकाकडून आणलेली मूठभर बकर्‍याची चरबी बारीक चिरून आधी वितळवा. इथं कंजूषपणा नको, जनावराकडं नाही ते आपण घालतोय. दोन मोठे कांदे त्यात लाल करा, मांड्या, पाय आणि बरगड्या घालून मोठ्या जाळावर रंग येईपर्यंत परता. पेलाभर गरम पाणी, झाकण, झाकणावर पाणी, मंद जाळ, अर्धा तास. मग पाठीचे तुकडे घाला आणि आणखी वीस मिनिटं. बोटानं मांडीचं मांस हाडापासून हलतंय असं वाटलं की झाकण काढा. भाजलेल्या सुक्या खोबर्‍याचं, तिळाचं वाटण आणि दोन चमचे चटणी घालून रस अंगाबरोबर आटेपर्यंत परता. शेवटी कोथिंबीर, लिंबू. ज्वारीची गरम भाकरी, कांदा आणि खरडा.

सशाचं मांस ताटात वाढल्यावर तोंड फिरवणारे घरात एक-दोन असतातच, विशेषतः पोरांनी पिंजर्‍यातल्याचं नाव ठेवलेलं असेल तर. त्यांना गावठी कोंबडा करा, वाद घालू नका.

गावठी कोंबड्यावर फार लिहीत नाही, ते तुमच्या आईला माझ्यापेक्षा चांगलं येत असेल. एवढंच की रानातल्या मांसाच्या सगळ्यात जवळची चव आज त्यातच मिळते. दिवसभर उकिरडा आणि बांध फिरलेला, किडे-मुंग्या खाल्लेला वर्षाचा कोंबडा घ्या आणि चुलीवर सव्वा-दीड तास द्या. कडकनाथही चालेल. झाबुआच्या या कोंबड्याला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं, मांस काळपट आणि चरबी कमी, म्हणजे सशाचेच सगळे नियम त्याला लागू. फक्त काळ्या रंगापायी दुप्पट पैसे मोजायचे का, ते तुम्ही ठरवा.

राहिला खेकडा, आणि ‘रानात जाऊन स्वतः धरून आणलं’ हे समाधान हवं असेल तर ते इथं आहे. रोहिणी-मृगाचा पहिला जोरदार पाऊस झाला की पन्हाळा, शाहूवाडी, गगनबावड्याकडच्या ओढ्यांतून आणि भाताच्या खाचरांतून खेकडे रात्री बाहेर पडतात. बॅटरीचा उजेड तोंडावर पडला की जागीच थबकतात. पाठीमागून, दोन्ही नांग्यांच्या मागं कवचावर बोट दाबून धरायचा. बिळात हात घालू नका, त्याच बिळात पावसानं हुसकलेला सापही असतो. पायात गमबूट, सोबत दुसरा माणूस, ओढ्याला पाणी चढत असेल तर परत फिरा. अभयारण्याच्या हद्दीत कशालाच हात लावायचा नाही, खेकड्यालाही नाही.

उलटा करून पोट बघा. मादीची पोटाची घडी रुंद, नराची निमुळती. गोड्या पाण्यातल्या खेकड्याची पिल्लं अंड्यातून थेट छोटे खेकडे होऊनच बाहेर येतात आणि काही काळ आईच्या पोटाखालीच राहतात. घडी फुगलेली, आत अंडी किंवा पिल्लं वळवळताना दिसली की सोडून द्या. हे पुण्याईसाठी सांगत नाही, पुढच्या वर्षीही त्याच ओढ्याला जायचं आहे म्हणून सांगतो.

घरी आणून स्वच्छ पाण्यात दोन-तीन तास ठेवा, चिखल सोडतात. शिजवण्याआधी तासभर बर्फात नाहीतर फ्रीझरमध्ये ठेवले की बधिर होतात, मग नांग्या मोडताना त्यांचे आणि तुमच्या बोटांचे दोघांचेही हाल होत नाहीत. मोठ्या नांग्या ठेचून रश्शाला. बारीक पाय पाट्यावर नाहीतर मिक्सरला पाणी घालून वाटा, गाळून घ्या, खेकड्याच्या रश्शाचा सगळा दाटपणा आणि गोडी त्या पाण्यात आहे. वाटण लाव्याच्या तांबड्याचंच, वर चार आमसुलं. वीस मिनिटं चांगलं खळखळ उकळा. ओढ्याचा खेकडा अर्धकच्चा खाल्ला तर फुफ्फुसात घर करणारा परजीवी अंगात जाऊ शकतो, आणि त्याचा खोकला वरवर क्षयासारखा दिसतो. निखार्‍यावर नांगी भाजून लगेच चोखायची सवय असेल तर ती नीट भाजा, आतलं मांस पांढरं आणि घट्ट झालेलं दिसलं पाहिजे.

तुमच्या दिवाळीच्या बेताबद्दल. तेव्हा खेकडा हंगामात नसतो, म्हणून सहा माणसांना बारा लावे सांगून ठेवा, पाळणार्‍याला आठ दिवस आधी, दिवाळीत एकदम मागणी येते. चार भाजायला, आठ रश्शाला. अर्धी गावठी कोंबडी आळणीसाठी. कांदा-लसूण चटणी घरची नसेल तर विकतची घ्या, पण त्यात मीठ किती आहे ते चाखून मगच रश्शात मीठ टाका.